मूठभर मनुकांचं वजन

पुणे जिल्ह्यात वाटीचा वैरी एकच, आणि तो नेमका आमच्या नात्यात आहे. माझ्या मावशीचे यजमान. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. माणसाचं वैर भावकीशी असतं, शेजाऱ्याशी असतं, बांध कोरणाऱ्याशी असतं. आप्पांचं भांड्यांशी आहे. वाटी, पेला, चमचा, ओंजळ, मूठ, चिमूट, ज्यात म्हणून काही भरून मोजता येतं ते सगळं त्यांच्या लेखी लबाड. ‘वाटीत निम्मी हवा असती,’ हे वाक्य त्यांनी लग्नांत, पुण्यानुमोदनांत, ग्रामपंचायतीच्या पायरीवर आणि एकदा वरवंडच्या एसटी थांब्यावर अनोळखी बाईला ऐकवलेलं आहे. त्या बाईचा दोष इतकाच, की ती दुसरीला शिऱ्याचं प्रमाण सांगत होती.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. चौतीस वर्षं आप्पा एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची गाडी आली की आधी भरली गाडी काट्यावर, ऊस ओतून झाला की तीच रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतो तो ऊस. रिकाम्या गाडीच्या वजनाला तिथे टेअर म्हणतात. या एका वजाबाकीवर आप्पांनी सगळं जग बसवलं होतं. काट्याचे आकडे थांबल्याशिवाय ते नोंद करत नसत. मागे वीस ट्रॅक्टर हॉर्न वाजवोत, ड्रायव्हर आईवरून शिव्या देवोत, आप्पा खिडकीत बसून आकड्यांकडे बघत. आकडा थांबला की पावती. टायर किती दबलंय ते बघून गाडीत किती ऊस आहे ते सांगण्याची त्यांना इतकी सवय झाली होती, की माणसाकडेही ते आधी पायांपासूनच बघायचे. माझ्या लग्नाच्या बोलणीला मुलगा पाहून आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, ‘पोरगं बरं हाय. चौपन्न किलो. घरचं जेवण सुरू झालं की भरंल.’ बाकीच्या मंडळींनी मुलाची नोकरी सांगितली, स्वभाव सांगितला, पुढच्या आशा सांगितल्या. त्यातलं खरं ठरलं ते आप्पांचंच. आमचे यजमान आज ब्याऐंशी आहेत.

खुटबावला एका लग्नात पंगतीला बसण्याआधी ते शेजारच्या किराणा दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभे राहून आले. जेवून उठल्यावर पुन्हा जाऊन उभे राहिले. मग मुलीच्या बापाला गाठून म्हणाले, ‘सव्वा किलो जेवलो.’ ही दाद होती की तक्रार, ते त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही. मी त्यांच्याकडे वरवंडला गेले की पाणी विचारायच्या आधी माझी पिशवी हातात घेऊन तोलतात. ‘येताना साडेचार हाय. जाताना सात व्हईल,’ असं मावशीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात. मावशी आतून ओरडते, ‘आठ करते. तुमाला काय करायचंय?’

माझी शिरूरला खानावळ आहे. एमआयडीसीतली पोरं जेवायला असतात, बिहारची, ओडिशाची, काही लातूरकडची. चाळीस माणसांची डाळ मी डब्यानं मोजते आणि मीठ हातानं घालते, आणि आजवर कुणी उपाशी उठलेलं नाही. आप्पा एकदा तिथे आले. निमूट जेवले आणि जाताना एका मुलाला सांगून गेले, ‘तेरे को रोज चालीस ग्राम भात कम मिलता है.’ पुढचा आठवडाभर ते पोरगं ताट पुढे करून ‘आंटी, चालीस ग्राम’ म्हणत उभं राहायचं. तेव्हापासून या वादात मी कायम वाटीच्या बाजूची.

आप्पा निवृत्त झाले तेव्हा लोकांनी त्यांना शाल दिली, घड्याळ दिलं. त्यांनी स्वतःला दिला स्वयंपाकघरातला चपटा डिजिटल काटा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर मांडून ते मावशीसमोर उभे राहिले. मावशीचा सगळा संसार एका जर्मनच्या वाटीवर चाललेला. काठाला चेमटलेली, बुडाला काळी, बोटभर उंच. डाळ त्या वाटीनं, साखर त्या वाटीनं आणि तिचे डिंकाचे लाडूही त्याच वाटीनं. आप्पांनी त्या वाटीत मनुका सैल ओतल्या: पंच्याऐंशी ग्रॅम. बोटानं दाबून भरल्या: एकशे दहा. मग चौफुल्याच्या रस्त्यावर ट्रॉली हादरते तशी वाटी ओट्यावर हादरवून वर आणखी भरल्या: सत्त्याण्णव. तिन्ही आकडे वहीत मांडले आणि म्हणाले, ‘आता सांग, यातली तुजी वाटी कोन्ती?’

मावशी म्हणाली, ‘लाडवात गेली ती.’

अशी पाच-सहा वर्षं त्या घरात दोन राज्यं चालली. आप्पा वही भरत राहिले. आषाढातली मनुका दमट असते म्हणून जड भरते, माघातली हलकी. किसलेलं खोबरं तासभर ठेवलं की बसतं. एवढं सगळं त्या वहीत आहे. मावशीनं त्या वहीचा उपयोग एकदाच केला, पाटाच्या डगमगत्या पायाखाली.

मग मावशीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखाना झाला, व्यायाम झाले. काठी घेऊन चालायला लागली, बोलणं तर आधीपेक्षा धारदार झालं; उजवा हात मात्र परत आला नाही. बोटं अर्धवट मिटलेली आणि सगळा हात सतत बारीक थरथरणारा. ती तो हात मांडीवर ठेवून बसायची, दुसऱ्याचं सामान सांभाळायला घेतल्यासारखा. स्वयंपाक आप्पा करू लागले. ग्रॅममध्ये. मावशी म्हणायची, ‘मीठ बराबर असतं. मन भरत न्हाई.’

त्याच वर्षी माझी मुलगी बाळंतपणाला शिरूरला आली. मुलगी झाली. आता आमच्या नात्यात असं आहे, की कुणीही बाळंत झालं की वरवंडहून मावशीचा स्टीलचा डबा जातो. त्यात डिंकाचे लाडू, आणि नामकरणाच्या दिवशी बाळंतिणीला पहिला लाडू त्यातला. मी खाल्लेत, माझ्या बहिणींनी खाल्लेत. या वेळी मी मावशीला फोन करून सरळ सांगितलं, ‘मावशी, तू या खेपेला दगदग करू नकोस. मी चाळीस माणसांचं जेवण करते, लाडू काय जड आहेत? नाहीतर दुकानात चांगले मिळतात.’

मावशी म्हणाली, ‘हात गेला त्याचं एवढं न्हाई गं. डबा पन गेला, तर मंग मी कुठं ऱ्हायले?’

मी रडणाऱ्यांतली नाही. ‘बरं, डबा तुझाच,’ म्हटलं. मग तिनं अट घातली. डबा जाईल तर तिचेच लाडू घेऊन. चवीत फरक पडला तर रिकामा डबाही घराबाहेर पडणार नाही, आणि यापुढे कधीच पडणार नाही. नामकरण रविवारी होतं. आप्पांनी फोन घेतला आणि म्हणाले, ‘जयभीम. काळजी करू नको. ती तोंडानं सांगंल, मी वजनानं करीन.’ ते ऐकून मी काळजी करायला लागले.

गुरुवारी खानावळ यजमानांवर सोडून मी एसटीनं चौफुल्याला उतरले आणि तिथून वरवंडला गेले. तोवर पहिला घाणा झाला होता. मावशी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली होती, आणि समोर ताटात तीस लाडू, एकसारखे, प्रत्येक चाळीस ग्रॅमचा. मावशीनं एकाला दात लावला होता आणि तो बाजूला ठेवला होता.

‘ह्यो लाडू न्हाई,’ ती म्हणाली. ‘खारकेचा दगड हाय.’

‘चार वाटी खारीक तूच सांगितली,’ आप्पा म्हणाले. ‘खारकेची पूड वाटीत भरून, फूटपट्टी फिरवून सपाट केली. मग वजन घेतलं. ह्ये बघ.’

‘पूड? अवो, पूड कोन मोजतं? बी काढलेल्या आख्ख्या खारका मोजायच्या. मंग कुटायच्या.’

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी वाटीत आख्ख्या खारका भरल्या. आडव्या-तिडव्या बसल्या, मधे फटीच फटी. वजन पुडीच्या निम्म्याहून थोडंच जास्त भरलं. ‘बघ,’ ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मी जन्मभर काय सांगत व्हतो? हवा!’

‘व्हय,’ मावशी म्हणाली. ‘त्या हवेचाच लाडू खात व्हते सगळे.’

एवढ्यावर भागलं नाही. डिंकही त्यांनी तुपात तळून, फुलवून मग वाटीनं मोजला होता. तिची वाटी कच्च्या डिंकाची. खोबऱ्याच्या किसाला त्यांनी फूटपट्टी लावली होती. ती शीग भरायची, वर डोंगर करून, आणि डोंगराचा जेवढा भाग खाली सांडेल तो वाटीच्याच हिशेबात. आप्पा एकेक गोष्ट ऐकत होते आणि वहीत मागची वर्षं खोडत होते. मला त्यांची दया आली, असं म्हणणार नाही. त्या ‘चालीस ग्राम’चं माझं त्यांच्याकडे येणं होतं, ते त्या दिवशी फिटलं.

शुक्रवारी दुसरा घाणा केला. मी खारका कुटल्या, आप्पांनी वजनं घेतली, मावशी खुर्चीतून हुकूम सोडत होती. ‘गूळ उतरव. उतरव म्हनते ना. अवो, तुमचा आकडा थांबंपर्यंत गुळाचा दगड व्हईल.’ लाडू वळायला घेतले तर हातात फुटायला लागले. मनुका जागोजाग डोकं वर काढत होत्या. मावशीनं एक मोडलेला तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चघळला. बाकी सगळं जमलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ती थांबली.

‘मनुका किती घातल्या?’

‘तू सांगितल्या तेवढ्या. चार मुठी. मूठ बहात्तर ग्रॅम.’

‘कुनाची मूठ?’

आप्पांनी आपला हात पुढे केला. तो हात म्हणजे फावडं आहे.

‘ही तुमची,’ मावशी म्हणाली. ‘माझी न्हाई.’

‘मग तुजी केवडी?’

मावशी मांडीवरच्या हाताकडे बघत बसली. मी जरा बाजू सावरायला म्हटलं, ‘मावशी, डाव्या हातानं घे ना मूठ. दोन्ही हात सारखेच असतात.’

‘डाव्यानं मी कवा मनुका घातली न्हाई. त्याला काय ठावं?’ आणि मग, खालच्या आवाजात, ‘ऱ्हाऊ द्या. दुकानातनं आना.’

मला वाटलं, संपलं. उद्या शनिवार, परवा नामकरण. मी हात धुवायला उठले. आप्पा मात्र आतून स्टूल घेऊन आले. ते मावशीच्या खुर्चीशेजारी ठेवलं, त्यावर काटा, शेजारी मनुकांचं ताट. मग ते खाली बसले, मावशीचा उजवा हात दोन्ही हातांनी उचलला आणि मनुकांत ठेवला. तिची बोटं एकेक करून मिटवली, वरून आपली बोटं ठेवली. तसाच तो हात उचलून काट्यावर आणला आणि सोडला. बोटं अर्धी मिटलेलीच होती, त्यामुळे मनुका आत राहिल्या.

‘कोपर उचलून धर,’ आप्पा म्हणाले. ‘नुसता हात काट्यावर पायजे.’

‘माझा हात म्हंजी तुमचा ट्रॅक्टर हाय व्हय?’

‘बोलू नको. काटा हलतोय.’

‘मंग मी काय खाली उतरू? तुमच्या ड्रायव्हरवानी?’

काटा हलतच राहिला, कारण हात थरथरत होता. चारशे अठ्ठेचाळीस, चारशे पंचावन्न, चारशे एक्कावन्न, पुन्हा अठ्ठेचाळीस. आप्पा वाकून बघत होते. मला त्यांची सवय ठाऊक, आकडा थांबल्याशिवाय हा माणूस लिहीत नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आता संध्याकाळ होणार म्हणून. पण त्यांनी वही ओढली आणि लिहिलं: भरलेला हात, ४५१. मग तिची बोटं एकेक उघडली, मनुका ताटलीत पाडल्या, तळहाताला चिकटलेली एक नखानं काढली, आणि तो हात पुन्हा काट्यावर ठेवला. रिकामा हात, ४१२. निव्वळ मनुका, ३९.

आता मी व्यवहारी बाई. मला राहवलं नाही. ‘आप्पा,’ मी म्हटलं, ‘ताटलीत पडलेल्या मनुकाच काट्यावर ठेवल्या असत्या तर एका फटक्यात कळलं असतं की.’

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते पावतीशिवाय गाडी बाहेर काढणाऱ्याकडे बघत असतील. ‘वतलेला ऊस कुनी मोजतं व्हय? भरली घ्यायची, रिकामी घ्यायची. काट्याची पद्धत असती, बाई.’

मावशी हसायला लागली. झटक्यानंतर तिचं हसू एका बाजूनं यायचं, आणि त्या दिवशी ते बराच वेळ आलं.

शनिवारी सकाळी तिसरा घाणा केला. चार मुठी, एकशे छप्पन्न ग्रॅम मनुका. लाडू न फुटता वळले गेले. आप्पांनी पहिला लाडू मावशीच्या तोंडाशी धरला. तिनं अर्धा खाल्ला, डोळे मिटून, इतका वेळ की आप्पा दोनदा ‘काय?’ म्हणाले. मग तिनं डोळे उघडले आणि एवढंच म्हणाली, ‘डबा भरा.’

रविवारी डबा, मावशी आणि आप्पा शिरूरला माझ्या घरी पोहोचले. झाकणावर चिकटवलेली पावती होती: भरलेला डबा, रिकामा डबा, निव्वळ लाडू, खाली आप्पांची सही. नामकरणाला आलेल्या बायकांनी ती मोठ्यानं वाचून काढली आणि पोरीचं नाव राहिलं बाजूला. माझ्या मुलीनं पहिला लाडू खाल्ला आणि मावशीकडे बघून म्हणाली, ‘आईच्या वेळचे असेच होते का गं, आजी?’ मावशी म्हणाली, ‘व्हय. हवेसकट.’ दरम्यान आप्पांनी बाळाला दुपट्यासकट उचललं, मग दुपटं वेगळं तोललं, आणि दवाखान्याच्या कागदावरच्या वजनात चूक आहे असं जाहीर केलं.

मावशी मागच्या थंडीत गेली. त्यानंतर आप्पांनी कुणाची पिशवी तोलली नाही. मी दोनदा मुद्दाम जड पिशवी घेऊन गेले, तरी नाही. यंदा निमोण्याला दिलेल्या माझ्या पुतणीला मुलगा झाला, त्या दिवशी मात्र त्यांचा फोन आला. ‘जयभीम. डबा कोन करतंय?’ मी म्हटलं, मी करते. चौथ्या दिवशी ते एसटीनं शिरूरला आले, रिकामा स्टीलचा डबा, काटा आणि वही देऊन गेले. वही नवी होती. लाडवांचं सगळं त्यांनी पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं होतं. खारीक आख्खी किती, खोबरं शीग किती, डिंक कच्चा किती. जुनी खाडाखोड काही ठेवली नव्हती. मनुकांपाशी मात्र तिन्ही ओळी तशाच होत्या: भरलेला हात, रिकामा हात, निव्वळ मनुका.

मी फोन केला. म्हटलं, ‘आप्पा, ही वही आता पोरींच्या हातात जाणार. मनुका एकोणचाळीस, एवढं पुरे. रिकाम्या हाताची ओळ खोडू का? तिचा कृतीत काही उपयोग नाही.’

ते म्हणाले, ‘न्हाई, ऱ्हाऊ दे. टेअर खोडत न्हाईत. गाडी परत आली, तर लागतं.’

मी खोडली नाही. काटा पुसून ओट्यावर ठेवला, चार वेळा एकोणचाळीस ग्रॅम मनुका मोजून घेतल्या आणि लाडू वळायला बसले.